फॅम्यूच्या अध्यक्षांना कोण काढू शकत होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. फ्लोरिडा ए अँड एम विद्यापीठाच्या, म्हणजे फॅम्यूच्या, अध्यक्षांची यादी तुम्ही काढलीत. १९०१ ते १९६८ या ६७ वर्षांत तिथे कायम नेमणुकीचे अध्यक्ष फक्त चार झाले. २००२ ते २०२५ या काळात मात्र पाच झाले, शिवाय मधले प्रभारी वेगळेच. मग 'सुरुवातीचं नेतृत्व खंबीर होतं, पुढे ते ढासळत गेलं' असं एम.ए.च्या प्रबंधात लिहावं का, असं तुम्ही विचारताय.

तसं लिहू नका. तुमचे आकडे बरोबर आहेत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष टिकणारा नाही. मी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या सरकारी महाविद्यालयांच्या कारभाराचा इतिहास शिकवतो. विद्यार्थी अशी यादी घेऊन आले की प्रत्येक नावापुढे मी त्यांना तीन गोष्टी लिहायला लावतो: या माणसाला नेमणारं आणि काढणारं कोण होतं, पैसा कुठून येत होता, आणि वरच्यांनी मागितलं नसतानाही याने काय जपलं. किती वर्षं टिकला हे त्यानंतर बघायचं. तसं केलं की यादी वेगळीच दिसायला लागते.

हे उत्तर राज्याराज्यानुसार बदलतं, हे आधीच सांगायला हवं. ऐतिहासिक कृष्णवर्णीय म्हणून मान्यता असलेली अमेरिकेत शंभरेक महाविद्यालयं-विद्यापीठं आहेत आणि त्यांतली निम्मी सरकारी आहेत. खासगी संस्था बहुतेक चर्चच्या आणि मिशनरी मंडळांच्या पैशावर उभ्या राहिल्या. सरकारी संस्था मात्र ज्या राज्यांनी कृष्णवर्णीयांचं मतदान बंद पाडलं, त्याच राज्यांच्या तिजोरीवर जगत होत्या. विद्यार्थी, शिक्षक, अध्यक्ष सगळे कृष्णवर्णीय, आणि नाड्या गोऱ्यांच्या मंडळाच्या हातात. तिथला अध्यक्ष साधारण आपल्याकडच्या कुलगुरूचं काम करतो. पण आपल्या कुलगुरूला निदान ठरलेली मुदत असते. या माणसांना तोही आधार नव्हता. मंडळाची मर्जी असेल तोवरच नोकरी.

तुम्ही महात्मा फुल्यांनी अमेरिकेतल्या गुलामगिरीविरोधकांना केलेल्या अर्पणाचा उल्लेख केलाय. ते अर्पण १८७३ सालचं. तेव्हा दक्षिणेत कृष्णवर्णीय माणसं विधिमंडळात निवडून जात होती. १८७७ नंतर ते दिवस सरले. फॅम्यूची सुरुवात ३ ऑक्टोबर १८८७ रोजी, टॅलाहासी या राज्याच्या राजधानीत, १५ विद्यार्थी आणि दोन शिक्षकांवर झाली. म्हणजे ही संस्था आशेच्या काळात जन्मलेली नाही. दारं बंद होत असताना एका फटीतून आत घेतलेली ती गोष्ट आहे. ती फट शोधणारे थॉमस गिब्ज राज्याच्या विधिमंडळात सदस्य होते. हे महाविद्यालय काढण्याचं विधेयक त्यांनीच रेटलं आणि मग स्वतः तिथे दुसरे शिक्षक म्हणून रुजू झाले. पहिले शिक्षक आणि अध्यक्ष थॉमस डी-सेल टकर. जन्म आफ्रिकेतल्या सिएरा लिओनचा, शिक्षण ओहायो राज्यातल्या ओबर्लिन महाविद्यालयातलं, पेशा फ्लोरिडातल्याच पेन्साकोला शहरात वकिलीचा.

टकरांच्या वाट्याला १४ वर्षं आली. १८९० च्या दुसऱ्या मॉरिल कायद्याने केंद्र सरकारने राज्यांपुढे पर्याय ठेवला: शेती आणि यंत्रविद्येच्या महाविद्यालयांसाठी आमचा पैसा हवा असेल तर कृष्णवर्णीयांना त्याच महाविद्यालयात घ्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळं चालवा आणि वाटा द्या. दक्षिणेने वेगळं चालवणं पसंत केलं. १८९१ साली टकरांच्या संस्थेला त्यातून ७,५०० डॉलर मिळाले, नावात 'औद्योगिक' शब्द आला, आणि संस्था शहरातल्या सर्वांत उंच टेकडीवर हलली. ही टेकडी म्हणजे गव्हर्नर डुव्हाल यांचा जुना मळा, गुलामांच्या श्रमावर चाललेला. पैशाबरोबर अपेक्षाही आली, की इथून सुतार, लोहार, शेतकरी आणि स्वयंपाकिणी बाहेर पडाव्यात. टकर ओबर्लिनमध्ये शिकलेले. त्यांना लॅटिन आणि गणितही शिकवायचं होतं. राज्याचे शिक्षणप्रमुख विल्यम शीट्स यांना ते खुपलं आणि १९०१ साली टकर गेले.

इथेच पहिला धडा आहे. अध्यक्षाला काढण्याचं कारण त्याची अकार्यक्षमता नव्हती, अभ्यासक्रम होता. 'मुलांना काय शिकवायचं' हा प्रश्न वरवर शैक्षणिक दिसतो. तिथे तो राजकीय होता, कारण त्याचं उत्तर म्हणजे या मुलांनी समाजात कुठल्या पायरीवर उभं राहायचं याचं उत्तर होतं.

दुसरे अध्यक्ष नेथन यंग. तुमच्या प्रबंधात सर्वांत जास्त पानं यांना द्या, असा माझा आग्रह आहे. जन्म १८६२ चा, अलाबामातला, आई गुलाम. १८९२ ते १८९७ ते अलाबामातल्या टस्कीगी या, हातकामाच्या शिक्षणावर भर देणाऱ्या कृष्णवर्णीय संस्थेत, तिचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या हाताखाली शैक्षणिक विभागाचे प्रमुख होते. पुस्तकी शिक्षणाला किती जागा द्यायची यावरून खटका उडाला आणि ते बाहेर पडले. पुढे जॉर्जियातल्या सव्हाना इथल्या सरकारी महाविद्यालयात काम करून १९०१ साली ते टॅलाहासीत आले. मंडळाला कागदावर टस्कीगीचा अनुभव दिसला असणार. माणूस मात्र टस्कीगीच्या मर्यादा ओळखून आलेला होता.

१९०५ साली फ्लोरिडाने बकमन कायदा केला. राज्यातली विखुरलेली महाविद्यालयं गुंडाळून तीनच ठेवली: गेन्सव्हिलला गोऱ्या मुलग्यांसाठी, टॅलाहासीत गोऱ्या मुलींसाठी, आणि त्याच गावात टेकडीवर कृष्णवर्णीयांसाठी. तिन्हींवर गव्हर्नरने, म्हणजे राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखाने, नेमलेलं पाच जणांचं नियामक मंडळ. यंग यांना दर वेळी याच मंडळापुढे उभं राहावं लागे. त्यांनी शेतीही चालवली, कार्यशाळाही चालवल्या. त्यांचा त्याला विरोध नव्हताच, आणि विधिमंडळ हाकेच्या अंतरावर असताना ते सगळं डोळ्यांना दिसणं गरजेचंही होतं. पण त्याबरोबर ते एकेक शैक्षणिक पायरी चढत राहिले. १९०९ साली संस्थेचं नाव फ्लोरिडा कृषी आणि यांत्रिकी महाविद्यालय झालं आणि १९१० साली पहिल्या पदव्या दिल्या गेल्या.

ग्रंथालयाची गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण यंग यांची कामाची पद्धत त्यात दिसते. १९०५ साली मुख्य इमारतीला आग लागली आणि तिच्यातलं ग्रंथालयही गेलं. राज्याकडून तेवढीच इमारत मिळेपर्यंत वाट पाहत बसण्याऐवजी अँड्रू कार्नेगी या दानशूर उद्योगपतीकडून १०,००० डॉलर आले आणि त्यातून स्वतंत्र ग्रंथालय उभं राहिलं. विचार करा, ज्या संस्थेकडून राज्याला सुतार आणि स्वयंपाकिणी हव्या होत्या, तिथे भर टेकडीवर खांबांची, विटांची, फक्त पुस्तकांसाठी बांधलेली इमारत. मंडळाने ती मागितली नव्हती. बाहेरचा पैसा आणला की मंडळाला नाही म्हणणं जड जातं, ही वाट पुढच्या बहुतेक अध्यक्षांनी वापरली. ती इमारत आजही उभी आहे आणि तिच्यात आता कृष्णवर्णीय इतिहासाचं संग्रहालय आणि दफ्तरखाना आहे. तुमचं कधी जाणं झालं तर संशोधनाची सुरुवात तिथूनच करा.

यंग २२ वर्षं टिकले. आता तुमच्या 'टिकणं म्हणजे खंबीरपणा' या समीकरणाकडे वळू. १९२३ साली, गव्हर्नर कॅरी हार्डी यांच्या कारकिर्दीत, मंडळाने यंग यांना घालवलं. मुद्दा पुन्हा तोच: हातकामाचं शिक्षण कमी आणि महाविद्यालयीन शिक्षण जास्त. त्यांच्या जागी मंडळाने आपल्या पसंतीचे प्रभारी अध्यक्ष बसवले. विद्यार्थी वर्गांवर बहिष्कार टाकून बाहेर पडले. त्या अस्वस्थ महिन्यांत इमारतींना आगी लागल्या आणि काही पूर्ण जळाल्या. १९२३ साल, दक्षिणेतलं राज्य, कृष्णवर्णीय मुलं, आणि ती गोऱ्या मंडळाच्या निर्णयाविरुद्ध संप करताहेत. याची किंमत काय असू शकत होती ते वेगळं सांगायला नको. प्रभारी वर्षभरात गेले. यंग मिझुरीतल्या लिंकन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले.

हे एवढं लांबवलं, कारण यंग यांची २२ वर्षं 'स्थिरता' या एका शब्दात मावत नाहीत. दर दोन वर्षांनी अंदाजपत्रकासाठी हात पसरायचे, पाहुण्यांना शेत दाखवायचं आणि मागे लॅटिनचा वर्ग चालू ठेवायचा. एक दिवस मंडळाच्या लक्षात आलं की वर्गच मोठा होत चाललाय, आणि खेळ संपला.

पुढचे जे. आर. ई. ली. १९२४ ते १९४४, म्हणजे थेट मृत्यूपर्यंत अध्यक्ष. जळालेली टेकडी आणि दुखावलेला समाज घेऊन त्यांनी सुरुवात केली. त्यांच्या काळात संस्थेचा आजचा चेहरा घडला. १९४४ पर्यंत ४८ इमारती, ३९६ एकर जमीन, ८१२ विद्यार्थी आणि १२२ कर्मचारी झाले. ली यांनी मंडळाशी उघड भांडण घेतलं नाही. बाहेरचा पैसा आणि बाहेरची ओळख यांच्या जोरावर त्यांनी संस्था वाढवली. त्यांचे चिरंजीव संस्थेचे व्यवसाय व्यवस्थापक होते. त्यांनी १९३३ साली ऑरेंज ब्लॉसम क्लासिक हा फुटबॉल सामना सुरू केला आणि पुढे तो मायामीत गेल्यावर कृष्णवर्णीय समाजाचा मोठा उत्सवच झाला. क्रीडा विभागाची बाब म्हणून हे सोडून देऊ नका. राज्याने हात आखडता घेतला की संस्था आपल्या माणसांकडे कशी वळते, याचा तो पुरावा आहे.

ली यांना काही जण 'जुळवून घेणारे' म्हणतात. मला तो शब्द पुरेसा वाटत नाही. यंग यांना काढल्यावर जे पेटलं, ते मंडळानेही पाहिलं होतं आणि ली यांनीही. दोन्ही बाजूंना शांतता हवी होती. ली यांनी त्या शांततेची किंमत इमारतींच्या आणि मान्यतेच्या रूपात वसूल केली. तुमचा निष्कर्ष वेगळा निघाला तरी हरकत नाही, फक्त १९२३ शिवाय १९२४ वाचू नका.

विल्यम ग्रे (१९४४ ते १९४९) यांच्या काळात महायुद्धातून परतलेले तरुण आले आणि पटसंख्या दोन हजारांच्या वर गेली. मग जॉर्ज गोर, १९५० ते १९६८. तुमच्या प्रबंधातला सर्वांत अवघड माणूस हाच.

गोर यांच्या आधीच, १९४९ साली, व्हर्जिल हॉकिन्स या कृष्णवर्णीय गृहस्थांनी गेन्सव्हिलच्या गोऱ्या विद्यापीठात कायदा शिकण्यासाठी अर्ज केला होता. त्यांना आत घेण्यापेक्षा राज्याने फॅम्यूतच विधी महाविद्यालय मंजूर केलं. १९५१ साली ते सुरू झालं. हॉकिन्स यांनी तिथे जायला नकार देऊन वर्षानुवर्षं खटला लढवला. आता गोर यांच्या जागी उभं राहून पाहा. हे महाविद्यालय म्हणजे वेगळेपण टिकवण्यासाठी सरकारने काढलेली पळवाट. पण त्यात शिकणारी मुलं खरी, त्यांच्या पदव्या खऱ्या, आणि राज्यातल्या कृष्णवर्णीय वकिलांची वानवाही खरी. ते चालवायचं की नाही? गोर यांनी चालवलं. १९५३ साली संस्थेला विद्यापीठाचा दर्जाही मिळाला.

२६ मे १९५६ रोजी विल्हेल्मिना जेक्स आणि कॅरी पॅटरसन या फॅम्यूच्या दोन विद्यार्थिनी शहराच्या बसमध्ये पुढच्या, गोऱ्यांच्या जागेवर बसल्या आणि त्यांना अटक झाली. त्या राहत होत्या तिथे अंगणात क्रॉस जाळला गेला, ही वर्णद्वेष्ट्यांची धमकीची खूण. २८ मे रोजी विद्यार्थी सभागृहात जमले, तेच सभागृह ज्याला ली यांचं नाव आहे, आणि बसवर बहिष्कार टाकायचा ठराव झाला. पाठोपाठ शहरातला कृष्णवर्णीय समाज रेव्हरंड सी. के. स्टील यांच्या पुढाकाराने त्यात उतरला. त्याच वर्षी विधिमंडळाने एक चौकशी समिती नेमली. नागरी हक्कांच्या चळवळीत कोण आहे याचा ती शोध घेत होती आणि फॅम्यूचे प्राध्यापकही तिच्या नजरेत होते. गोर उघडपणे विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहिले नाहीत. १९६० साली वूलवर्थ या दुकानातल्या, फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या खाद्यगृहात बसल्याबद्दल पॅट्रिशिया आणि प्रिसिला स्टीफन्स या बहिणी आणि त्यांचे साथी दंड भरण्याऐवजी ४९ दिवस तुरुंगात राहिले, तेव्हाही त्यांनी सरकारला आव्हान दिलं नाही.

त्यांना भित्रे म्हणावं का? मी माझ्या विद्यार्थ्यांना दक्षिणेतल्या इतर राज्यांकडे बघायला सांगतो. अलाबामा स्टेट या कृष्णवर्णीय महाविद्यालयाचे अध्यक्ष कौन्सिल ट्रेनहोम तीन दशकांहून जास्त काळ त्या पदावर होते. १९६० साली गव्हर्नर पॅटरसन यांच्या दबावाखाली तिथल्या नऊ विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आलं आणि लॉरेन्स रेडिक या इतिहासाच्या प्राध्यापकांनाही घालवलं गेलं. त्या विद्यार्थ्यांचा खटला वरच्या न्यायालयात गेला. १९६१ साली निकाल लागला की सरकारी महाविद्यालयाला विद्यार्थ्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्याला काढता येणार नाही. आज अमेरिकेतल्या प्रत्येक सरकारी विद्यापीठाचा विद्यार्थी त्या निकालाचा फायदा घेतो. १९६० सालीच नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी या कृष्णवर्णीय महाविद्यालयाच्या चार विद्यार्थ्यांनी ग्रीन्सबरो शहरात गोऱ्यांच्या खाद्यगृहात बसून प्रसिद्ध धरणं सुरू केलं होतं. तिथले अध्यक्ष वॉर्मथ गिब्ज यांच्यावरही मुलांना आवरा म्हणून दबाव होता. आम्ही विद्यार्थ्यांना विचार कसा करायचा ते शिकवतो, काय विचार करायचा ते नाही, अशा अर्थाचं त्यांचं उत्तर प्रसिद्ध आहे. म्हणजे एकाच वर्षी, एकाच पदावरच्या, दगडाखाली हात अडकलेल्या माणसांनी वेगवेगळ्या गोष्टी केल्या. परिस्थितीने बरंच ठरतं, सगळं ठरत नाही. गोर या दोघांच्या मधे कुठेतरी येतात. हे वाक्य ज्याला त्याला सावध वाटेल, पण मला तेच खरं वाटतं.

आणि गोर यांच्या सबुरीचं फळ काय मिळालं? १९६५ साली विधिमंडळाने फॅम्यूच्या विधी महाविद्यालयाला नवे विद्यार्थी घ्यायला बंदी केली आणि मैलभरावरच्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात नवं विधी महाविद्यालय काढायला पैसा दिला. १९६८ साली फॅम्यूचा शेवटचा वर्ग बाहेर पडला, त्याच वर्षी गोरही पायउतार झाले. पाठोपाठ १९७१ साली विद्यापीठाचं रुग्णालय बंद झालं. भेदभाव कायद्याने संपला तसं राज्याने म्हटलं, आता वेगळ्या संस्था कशाला? बंद करायची वेळ आली तेव्हा ती मात्र कृष्णवर्णीयांच्याच संस्थेवर आली.

म्हणून बेंजामिन पेरी (१९६८ ते १९७७) यांची कारकीर्द कमी लेखू नका. फ्लोरिडा स्टेटमध्ये विलीनीकरणाच्या चर्चा सुरू असताना विद्यापीठ स्वतंत्र राहिलं, हेच त्यांचं मोठं काम. त्यांच्या काळात, १९७४ साली, सिबिल मोबली यांच्या नेतृत्वाखाली व्यवसाय आणि उद्योग शाखा सुरू झाली, आणि पुढे देशातल्या मोठ्या कंपन्या नोकरभरतीसाठी टेकडी चढायला लागल्या. वॉल्टर स्मिथ (१९७७ ते १९८५) यांच्या काळात पीएच.डी. सुरू झाली.

फ्रेडरिक हम्फ्रीज (१९८५ ते २००१) यांच्याबद्दल माजी विद्यार्थी आजही भरभरून बोलतात, आणि त्याला कारण आहे. हे स्वतः फॅम्यूचे विद्यार्थी, रसायनशास्त्रज्ञ, आणि आधी टेनेसी स्टेटचे अध्यक्ष. तिथे न्यायालयाच्या आदेशाने १९७९ साली उलटं विलीनीकरण झालं होतं: गोऱ्या विद्यापीठाची नॅशव्हिल शाखा कृष्णवर्णीय विद्यापीठात आली. तो आत्मविश्वास घेऊन ते टॅलाहासीत आले. देशभरातल्या हुशार कृष्णवर्णीय मुलांना ते शिष्यवृत्त्या देऊन गोळा करू लागले. १९९२, १९९५ आणि १९९७ साली राष्ट्रीय गुणवत्ता शिष्यवृत्तीच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना ओढण्यात फॅम्यूने हार्वर्डलाही मागे टाकलं. पटसंख्या दुपटीच्या वर गेली. १९८९ साली फ्रेंच राज्यक्रांतीच्या द्विशताब्दीला फॅम्यूचा बँड पॅरिसच्या संचलनात होता. १९९७ साली टाइम मासिक आणि प्रिन्स्टन रिव्ह्यू यांनी 'वर्षातलं सर्वोत्तम महाविद्यालय' म्हणून फॅम्यूची निवड केली. १९६८ साली हिरावलेलं विधी महाविद्यालय परत मिळवायची मंजुरीही त्यांच्याच काळात, २००० साली मिळाली. २००२ साली ते ऑर्लँडोत सुरू झालं.

पण माझ्या वाचनानुसार विस्ताराच्या वेगाने हिशेबाची यंत्रणा वाढली नाही, आणि ते बिल पुढच्या माणसांच्या नावावर फाटलं. यावर तुम्ही स्वतः लेखापरीक्षण अहवाल वाचून मत बनवा.

आता २००१ नंतरचा बदल, ज्यावर तुमची यादी खरी उभी आहे. त्या वर्षी फ्लोरिडाने सगळ्या विद्यापीठांवरचं एकत्र मंडळ मोडलं आणि प्रत्येक विद्यापीठाला स्वतःचं विश्वस्त मंडळ दिलं. २००२ च्या घटनादुरुस्तीने त्यावर आणखी एक राज्य मंडळ आलं. आज विश्वस्त १३ असतात: सहा गव्हर्नरने नेमलेले, पाच राज्य मंडळाने, एक प्राध्यापकांचा आणि एक विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी. राज्य मंडळातले १७ पैकी १४ पुन्हा गव्हर्नरनेच नेमलेले. म्हणजे नाडी जुन्याच ठिकाणी आहे, पण हात आता खूप जवळ आलेत. पूर्वी एकच मंडळ सगळी विद्यापीठं बघायचं. आता १३ माणसांचं लक्ष एकाच अध्यक्षावर असतं. अशा रचनेत कारकिर्दी आखूड होणारच. २००४ साली फ्रेड गेनस यांना विश्वस्तांनी काढलं. २००७ साली मान्यता देणाऱ्या संस्थेने विद्यापीठाला तंबी देऊन देखरेखीखाली ठेवलं. जेम्स अमन्स यांनी त्यातून ते बाहेर काढलं.

अमन्स यांच्या वेळचा प्रसंग नीट अभ्यासा. नोव्हेंबर २०११ मध्ये, ऑर्लँडोतल्या फुटबॉल सामन्यानंतर, बँडमधल्याच मुलांनी केलेल्या रॅगिंगमध्ये बँडचा एक विद्यार्थी मेला. डिसेंबरात गव्हर्नर रिक स्कॉट यांनी अमन्स यांना निलंबित करावं असं सुचवलं. त्या रात्री शेकडो विद्यार्थी चालत गव्हर्नरच्या निवासस्थानी गेले आणि गव्हर्नरना बाहेर येऊन त्यांच्याशी बोलावं लागलं. १९२३ माहीत असलेल्या माणसाला यात काय दिसतं? बाहेरची सत्ता आमच्या अध्यक्षाला हात लावते आहे, हा जुना आणि रास्त राग. विश्वस्तांनीही तेव्हा गव्हर्नरचं ऐकलं नाही. पण इथे एका आईचा मुलगा गेला होता, आणि रॅगिंगचा प्रश्न विद्यापीठाच्या आतला होता. बाहेरच्या दबावाविरुद्ध एकत्र उभं राहण्याची सवय आतल्या दोषावर पांघरूण घालू शकते. जुलै २०१२ मध्ये अमन्स गेले. या विद्यापीठाबद्दल आस्था असलेल्या प्रत्येक लेखकाला या दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहाव्या लागतील.

एल्मिरा मँगम या पहिल्या कायम महिला अध्यक्ष. २०१४ साली आल्या, २०१५ साली त्यांना काढायचा प्रयत्न विश्वस्तांत फसला आणि २०१६ साली त्या गेल्याच. लॅरी रॉबिन्सन यांनी अनेकदा प्रभारी म्हणून गाडा ओढला आणि २०१७ साली ते कायम झाले. त्यांच्या काळात सरकारी कृष्णवर्णीय विद्यापीठांच्या क्रमवारीत फॅम्यू पहिल्या क्रमांकावर गेलं. मग मे २०२४ च्या पदवीदान समारंभात एका तरुण उद्योजकाच्या २३ कोटी ७० लाख डॉलरच्या देणगीचा भलामोठा धनादेश व्यासपीठावर झळकला. विद्यापीठाच्या तोवरच्या सगळ्या कायम निधीहून मोठी रक्कम, आणि तीही एका खासगी कंपनीच्या समभागांच्या रूपात. काही दिवसांतच प्रश्न उठले, व्यवहार थांबला, आणि जुलैत रॉबिन्सन यांनी राजीनामा दिला.

इथे दोन टोकं टाळा. एक म्हणजे 'यांना कारभार जमत नाही' असं म्हणून मोकळं होणं. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या शिक्षण आणि कृषी मंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं पाठवली. त्यात १९८७ ते २०२० या काळात फॅम्यूला गेन्सव्हिलच्या, मूळच्या गोऱ्यांच्या, विद्यापीठाच्या तुलनेत सुमारे १.९ अब्ज डॉलर कमी मिळाल्याचा हिशेब होता. दीडेक शतक तहानलेल्या संस्थेला अचानक पाण्याचा लोट दिसला तर ती धावते, हे समजून घ्यायला हवं. दुसरं टोक म्हणजे त्या तहानेच्या आड चूक लपवणं. बहुतेक विश्वस्तांना आधी सांगितलंच गेलं नव्हतं, आणि ती चूक अध्यक्षांच्या कार्यालयाचीच होती.

थोडक्यात, माझ्या मते तुमची प्रकरणं वर्षांवर न बेतता सत्तेच्या रचनेवर बेता: १९०५ पर्यंत, नियामक मंडळाचा काळ १९६५ पर्यंत, मधलं राज्यव्यापी मंडळ २००१ पर्यंत, आणि त्यानंतर. प्रत्येक प्रकरणात पैसा आणि बरखास्तीची पद्धत आधी मांडा, माणसं नंतर आणा. लांब कारकिर्दी नियामक मंडळाच्या काळात का पडतात आणि आखूड २००१ नंतर का, हे मग वाचकाला आपोआप दिसेल.

सध्याच्या अध्यक्ष मार्व्हा जॉन्सन यांच्यावर निकाल देऊ नका. फार लवकर होईल. त्यांची निवड कशी झाली हे मात्र जरूर नोंदवा: मे २०२५ मध्ये विश्वस्तांचं मतदान ८ विरुद्ध ४, माजी विद्यार्थ्यांचा जाहीर विरोध, आणि जूनमध्ये राज्य मंडळाची मंजुरी. कागदपत्रांत नियामक मंडळाचे द्वैवार्षिक अहवाल आधी हाती घ्या, त्यांतही १९२१ ते १९२५ च्या आसपासचे. यंग यांनी काय मागितलं आणि ली यांना काय दिलं गेलं, हे दोन अहवाल शेजारी ठेवून आकड्याला आकडा लावून पाहा. वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, पण हे काम करा.